द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलस

द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलस (अर्थ: लॉस एंजेलसची महाभिंत) हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलस शहरात असलेले एक दीर्घ भित्तिचित्र आहे. शहराच्या सान फर्नांडो खोऱ्यातील तुहुंगा वॉश या पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर ते रंगवलेले असून त्याची लांबी २,७५४ फूट (सुमारे ८४० मीटर) व उंची सुमारे १३ फूट (सुमारे ४ मीटर) आहे. प्रागैतिहासिक काळापासून १९५० च्या दशकापर्यंतचा कॅलिफोर्नियाचा इतिहास या चित्रात मांडला आहे. हा इतिहास मूलनिवासी, स्थलांतरित, कामगार, स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांच्या बाजूने सांगितलेला आहे.

चित्रकार ज्युडिथ बाका यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६, १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ अशा पाच उन्हाळ्यांत हे काम झाले. ४०० हून अधिक तरुण-तरुणी, तसेच अनेक चित्रकार, इतिहासकार आणि स्थानिक रहिवासी त्यात सहभागी झाले होते. सोशल अँड पब्लिक आर्ट रिसोर्स सेंटर (स्पार्क) ही संस्था या प्रकल्पाची सूत्रधार होती. निरनिराळ्या वंशांच्या, भाषांच्या आणि आर्थिक स्तरांच्या लोकांना एकत्र आणून उभारलेल्या सामुदायिक कलाकृतीचे हे जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

लॉस एंजेलस आणि तिच्या उपनद्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरड्या असतात. हिवाळ्यातील पावसात मात्र त्यांना अचानक पूर येतो. १९३८ च्या मोठ्या पुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने या नद्या काँक्रीटच्या कालव्यांत बांधून काढण्याचे काम वेगाने हाती घेतले. तुहुंगा वॉश हा त्याच जाळ्याचा भाग होय. पुराचा धोका या कामामुळे कमी झाला, पण नदीकाठ नाहीसा झाला आणि वस्त्यांच्या मधोमध उंच, उघड्या भिंतींचे चर उरले. काँक्रीटची ही नदी म्हणजे जमिनीवरचा व्रण आहे, अशी बाका यांची धारणा होती. तिच्या काठच्या वस्त्यांतून उठवल्या गेलेल्या लोकांचा इतिहास तिच्याच भिंतीवर लिहिण्याची कल्पना या धारणेशी जोडलेली आहे.

लॉस एंजेलसमध्ये सार्वजनिक भिंतींवर चित्रे काढण्याची परंपरा त्याआधीपासून होती. मेक्सिकोचे चित्रकार दाविद अल्फारो सिकेरोस यांनी १९३२ मध्ये शहराच्या जुन्या भागात 'आमेरिका त्रोपिकाल' हे भित्तिचित्र सहकाऱ्यांच्या मदतीने रंगवले. त्यातील राजकीय आशयामुळे ते लवकरच पांढऱ्या रंगाने झाकून टाकण्यात आले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची चिकानो चळवळ जोर धरू लागली, तेव्हा शहराच्या पूर्व भागातील वस्त्यांमध्ये भित्तिचित्रे पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागली. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत ज्यांना जागा नव्हती, अशा लोकांसाठी भिंत हे स्वतःचा इतिहास मांडण्याचे साधन ठरले.

ज्युडिथ बाका यांचे आरंभीचे प्रयोग

ज्युडिथ बाका यांचा जन्म १९४६ मध्ये लॉस एंजेलसमधील एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. कलाशिक्षण पूर्ण केल्यानंतर १९७० च्या सुमारास त्या शहराच्या उद्यान व मनोरंजन विभागात कलाशिक्षिका म्हणून काम करू लागल्या. ज्या वस्त्यांत त्या शिकवत, तेथील तरुण वेगवेगळ्या टोळ्यांमध्ये विभागलेले होते. एका टोळीच्या मुलाने दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पाऊल टाकणेही धोक्याचे होते.

या परिस्थितीत बाका यांनी परस्परविरोधी चार टोळ्यांतील सुमारे २० तरुणांचा एक गट तयार केला. 'लास व्हिस्तास नुएव्हास' (नवी दृश्ये) हे त्या गटाचे नाव. बॉइल हाइट्स भागातील हॉलेनबेक उद्यानाच्या वाद्यमंचावर या गटाने 'मी अबुएलिता' (माझी आजी) हे चित्र रंगवले. दोन्ही हात पसरून उभी असलेली आजी हा त्याचा विषय होता. कोणत्याही टोळीचा मुलगा आदर बाळगेल अशी व्यक्ती म्हणजे आजी, त्यामुळे हा विषय सर्वांना आपला वाटणारा होता.

पुढे महाभिंतीच्या कामात उपयोगी पडलेली दोन सूत्रे या प्रयोगात दिसतात. विषय असा असावा की गटातील प्रत्येकाला त्यात स्वतःचा वाटा दिसेल, हे पहिले सूत्र. दुसरे असे की, एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांना चर्चेसाठी बोलावण्याऐवजी त्यांच्यासमोर एक प्रत्यक्ष काम ठेवावे.

१९७४ मध्ये बाका यांच्या पुढाकाराने शहरव्यापी भित्तिचित्र कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून निरनिराळ्या वस्त्यांत शेकडो चित्रे तयार झाली. मात्र कार्यक्रम शासकीय असल्यामुळे चित्रांच्या आशयावर आक्षेप घेतले जाऊ लागले. या अनुभवानंतर बाका, चित्रकार क्रिस्टीना श्लेसिंजर आणि चित्रपट दिग्दर्शक डोना डाइच यांनी १९७६ मध्ये स्पार्क ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. व्हेनिस भागातील एका जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत संस्थेचे कार्यालय आणि कार्यशाळा सुरू झाली.

प्रकल्पाची सुरुवात

तुहुंगा वॉशच्या काठाचे सुशोभीकरण करण्याची योजना लष्कराच्या अभियंता विभागाने आखली होती. या योजनेत एक छोटे उद्यान आणि सायकल मार्गही होता. तिच्या संदर्भात १९७४ मध्ये बाका यांच्याशी संपर्क साधण्यात आला. केवळ सजावट करण्याऐवजी कॅलिफोर्नियाचा इतिहास क्रमाने मांडणारे चित्र काढावे, असा प्रस्ताव बाका यांनी ठेवला. आरंभी प्रकल्पाचे नावही 'कॅलिफोर्नियाचा इतिहास' असेच होते. 'महाभिंत' हे नाव नंतर रूढ झाले.

काम केवळ उन्हाळ्यातच करता येत असे. हिवाळ्यात कालव्याला पूर येण्याची शक्यता असे आणि सहभागी मुलांनाही शाळेच्या सुट्टीतच वेळ मिळत असे. काँक्रीटच्या कालव्याच्या तळाशी, सावली नसलेल्या जागी, तीव्र उष्णतेत दिवसभर काम चालत असे. ज्या उन्हाळ्यांत रंगकाम होत नसे, तेव्हा संशोधन, आराखडे आणि निधी जमवण्याचे काम केले जाई. निधी सरकारी युवा रोजगार योजना, कलाविषयक अनुदाने आणि खासगी देणग्या अशा वेगवेगळ्या स्रोतांतून येत असे. त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे वेळापत्रक त्या त्या वर्षीच्या निधीवर अवलंबून राहिले.

संघाची घडण

सहभागी तरुणांची निवड

पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ८० तरुण कामावर होते. त्यांतील बहुतेकांना बालगुन्हेगारी न्यायव्यवस्थेमार्फत पाठवण्यात आले होते. कला शिकण्याच्या इच्छेने ते आलेले नव्हते. अनेकांनी पूर्वी कुंचला हातीही धरला नव्हता. पुढील उन्हाळ्यांत साधारणतः १४ ते २१ वर्षे वयाच्या मुलामुलींना घेण्यात येऊ लागले. ते शहराच्या वेगवेगळ्या भागांतून येत. मेक्सिकन, आफ्रिकी, आशियाई, युरोपीय आणि मूलनिवासी वंशांची मुले त्यांत होती. या मुलांना कामाचा मोबदला दिला जाई. गरीब घरांतील मुलांना उन्हाळ्यात कमाई करणे भाग असल्यामुळे, मोबदल्याविना हा प्रकल्प केवळ सुस्थितीतील मुलांपुरता राहिला असता.

मिश्र गट

सर्व सहभागींना लहान गटांत विभागून प्रत्येक गटाकडे भिंतीचा ठरावीक भाग सोपवला जाई. हे गट जाणीवपूर्वक मिश्र ठेवलेले असत. एकाच वस्तीची किंवा एकाच वंशाची मुले एका गटात येऊ नयेत याची काळजी घेतली जाई. वंशावरून हिणवणे, जुनी भांडणे आणि अविश्वास यांना सामोरे जाण्यासाठी उत्स्फूर्त नाट्याचे खेळ, गटचर्चा व समुपदेशन यांचा वापर केला गेला. प्रत्येक गटाचे नेतृत्व अनुभवी चित्रकाराकडे किंवा आधीच्या उन्हाळ्यात काम केलेल्या तरुणाकडे असे. त्यामुळे एका वर्षी शिकाऊ म्हणून आलेली व्यक्ती पुढील वर्षी इतरांना शिकवू शकत असे.

ज्ञानाचे स्रोत

संघात चित्रकार आणि मुले यांच्याबरोबर इतिहासकार, मौखिक इतिहासाचे अभ्यासक व मानववंशशास्त्राचे जाणकारही होते. चित्रित करावयाच्या घटनांबद्दल अभ्यासकांची व्याख्याने होत, तसेच त्या घटना स्वतः अनुभवलेल्या ज्येष्ठ नागरिकांना बोलावून त्यांचे अनुभव ऐकले जात. त्यामुळे १९३० आणि १९४० च्या दशकांचा इतिहास रंगवताना ग्रंथांइतकाच आधार जिवंत स्मृतींचा होता. मुलांना दुसऱ्या समाजावर झालेला अन्याय रंगवावा लागे आणि त्याच वेळी त्या समाजाची मुले शेजारी परांचीवर उभी असत. मिश्र गटांची रचना आणि चित्राचा विषय यांचा असा थेट संबंध या प्रकल्पात होता.

कामाची विभागणी

प्रकल्पातील कामे वेगवेगळ्या कौशल्यांची होती. भिंत घासणे, चौकटी आखणे, रंग तयार करणे, मोठे पृष्ठभाग भरणे, चेहरे व हात यांसारखे बारकावे रंगवणे, परांची बांधणे, साहित्याची ने-आण करणे आणि नोंदी ठेवणे अशी कामे सहभागींत वाटून दिली जात. प्रत्येकाने सर्व काही करावे अशी अपेक्षा नव्हती. मात्र कोणतेही काम चित्रापासून तुटलेले राहू नये यासाठी आशयाच्या चर्चेत सर्वांना बसवले जाई.

रचनेतील बदल: १९७६ आणि १९७८

संघाची बांधणी आणि चित्राचे रूप यांतील नाते पहिल्या दोन टप्प्यांची तुलना केल्यास स्पष्ट होते. १९७६ मध्ये सुमारे १,००० फूट भिंत रंगवण्यात आली. या भागातील तुकडे वेगवेगळ्या चित्रकारांकडे सोपवले होते. ज्युडिथ हर्नांदेझ, युलिसिस जेनकिन्स, गॅरी ताकामोतो आणि क्रिस्टीना श्लेसिंजर हे त्यांपैकी काही होत. प्रत्येक चित्रकाराने आपल्या गटासह स्वतंत्र रचना केली. परिणामी या भागात शैलींची विविधता आहे. परंतु एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना सलगता कमी जाणवते.

त्यानंतर बाका यांनी १९७७ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे सिकेरोस यांच्या कार्यशाळेत भित्तिचित्राच्या तंत्राचा अभ्यास केला. चालत जाणाऱ्या प्रेक्षकाची नजर लक्षात घेऊन चित्राची रचना करणे हा सिकेरोस यांच्या पद्धतीचा गाभा होता. १९७८ पासूनच्या टप्प्यांमध्ये संपूर्ण लांबीसाठी एकच रचना करण्यात आली आणि तिची अंतिम जबाबदारी बाका यांनी स्वतःकडे घेतली. आकृत्या मोठ्या झाल्या, एका प्रसंगातील रेषा पुढील प्रसंगात वाहत जाऊ लागल्या आणि कालव्याच्या लांबीचा कथनासाठी उपयोग होऊ लागला.

कामाची पद्धत

पहिल्या भागानंतर पुढीलप्रमाणे कार्यपद्धती स्थिर झाली:

१. संशोधन व चर्चा: निवडलेल्या दशकाबाबत अभ्यासक, रहिवासी आणि तरुण यांच्या बैठका घेऊन प्रसंगांची यादी करणे.
२. कच्ची चित्रे: प्रसंगांची लहान रेखाटने तयार करून त्यांवर मते घेणे व ती सुधारणे.
३. प्रमाणबद्ध आराखडा: एक इंच बरोबर एक फूट अशा प्रमाणात चौकटी आखलेला रंगीत आराखडा तयार करणे.
४. भिंतीची तयारी: वाळूचा जोरदार मारा करून पृष्ठभाग स्वच्छ करणे व त्यावर अस्तर देणे.
५. आखणी: खडूच्या दोरीने भिंतीवर चौकटी पाडणे आणि आराखड्यातील रेषा चौकटीगणिक भिंतीवर उतरवणे.
६. रंगकाम: ॲक्रिलिक रंगांचे थर देणे व शेवटी संरक्षक लेप लावणे.

चौकटींची पद्धत केवळ तांत्रिक सोय नव्हती. तिच्यामुळे चित्रकलेचे शिक्षण नसलेली व्यक्तीही आपल्या वाट्याची चौकट अचूक उतरवू शकत असे आणि अनेक हातांनी केलेले काम एकाच चित्रात बसत असे.

चित्राचा आशय

चित्र कालक्रमानुसार मांडलेले आहे. टप्प्यांनुसार त्याची विभागणी पुढीलप्रमाणे आहे:

१९७६: प्रागैतिहासिक प्राणी, चुमाश व इतर मूलनिवासींचे जीवन, स्पॅनिशांचे आगमन, १७८१ मधील लॉस एंजेलसची स्थापना, मेक्सिकन राजवट आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचा काळ. शहराच्या मूळ वसाहतकऱ्यांत आफ्रिकी, मूलनिवासी आणि मिश्र वंशाचे अनेक लोक होते, ही बाब येथे ठळकपणे दाखवली आहे. १८७१ मध्ये शहरात चिनी रहिवाशांचे झालेले हत्याकांडही या भागात आहे.

१९७८: पहिले महायुद्ध, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ आणि १९२० चे दशक.

१९८०: महामंदी, धुळीच्या वादळांमुळे विस्थापित झालेली शेतकरी कुटुंबे आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांची हकालपट्टी. हकालपट्टी झालेल्यांत अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिकही होते.

१९८१: दुसरे महायुद्ध, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबणे, १९४३ मधील झूट सूट दंगली, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आणि रक्तद्रवाच्या साठवणुकीवर संशोधन करणारे आफ्रिकी-अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ड्र्यू.

१९८३: युद्धानंतर स्त्रियांना पुन्हा घरकामाकडे वळवणे, मॅकार्थी काळातील दडपशाही, नागरी हक्क चळवळीचे अग्रदूत, समलिंगी व्यक्तींच्या आरंभीच्या संघटना, आशियाई स्थलांतरितांना मिळालेले नागरिकत्व आणि ऑलिंपिक विजेते. चावेझ रॅव्हीन या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीच्या विस्थापनाचा प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. त्यात त्या जागी नंतर बांधलेले बेसबॉलचे स्टेडियम आकाशातून उतरणाऱ्या यानासारखे दाखवले असून द्रुतगती महामार्गांनी कुटुंबांची ताटातूट केल्याचे चित्रण आहे.

निर्णयाधिकार आणि श्रेय

सामुदायिक कलेत निर्णय कोणी घ्यायचा आणि कलाकृती कोणाची म्हणायची, हे प्रश्न नेहमी उपस्थित होतात. महाभिंतीच्या बाबतीत या प्रश्नांना दोन बाजू आहेत. १९७६ च्या पद्धतीत चित्रकारांना अधिक स्वातंत्र्य होते, पण चित्र विखुरलेले राहिले. १९७८ नंतर चित्र एकसंध झाले, पण रचनेचा अंतिम अधिकार एका व्यक्तीकडे गेला. या दुसऱ्या पद्धतीत सहभागाचे स्वरूप बदलले: आशय ठरवताना अनेकांची मते घेतली जात, प्रत्यक्ष रंगकाम सर्वांचे असे, मात्र दोहोंना जोडणारी रचना एका चित्रकाराची असे.

कलाविषयक लेखनात महाभिंत सामान्यतः बाका यांची कलाकृती म्हणून ओळखली जाते. रंगकाम केलेल्या शेकडो तरुणांचा उल्लेख बहुधा संख्येनेच येतो. स्पार्क संस्था मात्र सहभागींना 'भित्तिचित्र घडवणारे' असे संबोधते. अनेक वर्षांनंतर झालेल्या दुरुस्तीच्या कामात मूळ संघातील काही जण पुन्हा सहभागी झाले.

जतन व मान्यता

ऊन, पाणी आणि काळ यांमुळे रंग फिके पडून भिंतीचे पापुद्रे सुटू लागले होते. त्यामुळे व्यापक जीर्णोद्धार हाती घेण्यात आला व तो २०११ मध्ये पूर्ण झाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत महाभिंतीचा समावेश झाला. एखादे स्थळ या नोंदवहीत येण्यासाठी ते सामान्यतः किमान ५० वर्षे जुने असावे लागते. महाभिंतीला तेव्हा तेवढी वर्षे झालेली नव्हती. प्रकल्पाशी संबंधित रेखाटने व कागदपत्रांचा संग्रह लॉस एंजेलसच्या लुकास म्युझियम ऑफ नॅरेटिव्ह आर्ट या संग्रहालयाने २०२१ मध्ये मिळवला. बाका यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक देऊन गौरवण्यात आले असून ते त्यांना २०२३ मध्ये प्रदान करण्यात आले.

विस्तार आणि प्रभाव

१९६० च्या दशकापासून पुढील काळ चित्रात समाविष्ट करण्याची योजना दीर्घकाळ निधीअभावी रखडली होती. २०२१ मध्ये मेलन फाउंडेशनने त्यासाठी ५० लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले. नवे भाग थेट भिंतीवर न रंगवता विशेष कापडावर कार्यशाळेत रंगवून नंतर भिंतीवर चिकटवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे काम केवळ उन्हाळ्यापुरते मर्यादित राहिले नाही. २०२३-२४ मध्ये लॉस एंजेलस काउंटी कला संग्रहालयात महाभिंतीवर प्रदर्शन भरले. त्या काळात संघातील चित्रकारांनी दालनातच, प्रेक्षकांसमोर, नव्या भागांचे रंगकाम केले.

महाभिंतीतून विकसित झालेली कार्यपद्धती स्पार्कने इतरत्रही वापरली. १९८८ मध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांच्या कार्यकाळात शहराच्या सहकार्याने वस्त्यांमधील भित्तिचित्रांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातून लॉस एंजेलसच्या वेगवेगळ्या समाजांच्या वस्त्यांत शंभराहून अधिक चित्रे तयार झाली. प्रत्येक चित्रासाठी चित्रकाराने त्या वस्तीतील रहिवाशांशी चर्चा करणे आणि स्थानिक तरुणांना कामात सामील करून घेणे अपेक्षित होते. बाका यांनी पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस येथील शाखेत अध्यापन केले आणि तेथील विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकवली.

हे सुद्धा पहा

भित्तिचित्र
ज्युडिथ बाका
दाविद अल्फारो सिकेरोस
चिकानो चळवळ
लॉस एंजेलस